कारण : बैल

झाशीतल्या आमच्या मराठी मंडळाचे चिटणीस गेल्या महिन्यात घरी आले आणि म्हणाले, "काका, दिवाळी अंकाला रेल्वेतलं काहीतरी थरारक लिहून द्या. एखादा अपघात, एखादा दरोडा." मी त्यांना चहा पाजला आणि सांगितलं, की माझ्या अख्ख्या नोकरीत एकही अपघात झाला नाही, आणि माझ्या स्टेशनावर दरोडा घालायचा तर दरोडेखोरांना आधी ते स्टेशन सापडायला हवं होतं. चिटणिसांचा चेहरा पडला. चंबळ इतकी जवळ असून या माणसाला साधा एक डाकू भेटू नये, याचं त्यांना वाईट वाटलं असावं. तेव्हा त्यांच्या समाधानासाठी एका बैलाची हकीकत लिहितो. तिच्यात रक्तपात नाही. पण त्या बैलापायी एक स्टेशन गेलं, आणि तो बैल मी माझ्या पेनाने जन्माला घातला होता.

स्टेशनचं नाव धमनौरा. बरुआसागर मागे टाकून गाडी उघड्या माळाला लागली, की काही वेळाने ते यायचं. आता तिथे गाडी थांबत नाही. डुलकी लागली असेल तर दिसतही नाही.

त्याचा इतिहास मला गावच्या म्हाताऱ्यांनी सांगितला, तो असा. सत्तावन्नचा गदर शमून एक पिढी उलटली आणि आमच्या भागात रूळ पडू लागले. धमनौरा आणि पिपरी या दोन गावांच्या जमीनदारांत तेव्हा भाऊबंदकी होती. स्टेशन आपल्या गावात व्हावं असं दोघांनाही वाटत होतं, पण त्याहून जास्त वाटत होतं ते हे, की दुसऱ्याच्या गावात होऊ नये. गोरा इंजिनियर वैतागला. त्याने दोन्ही गावांपासून बरोबर एक कोसावर, जिथे बाभळी आणि घोरपडी सोडून कुणी राहत नव्हतं, तिथे छडी रोवली आणि म्हणाला, स्टेशन इथे. नाव धमनौऱ्याचं पडलं, कारण पाटी रंगवायला घेतली त्या दिवशी पिपरीचे जमीनदार जुलाबाने आडवे होते. या अन्यायाचा पिपरीला इतका राग, की माझ्या काळातसुद्धा तिथली माणसं पुढच्या स्टेशनावर जाऊन गाडी पकडत. थोडक्यात, स्टेशन कुणाच्याच सोयीचं नव्हतं. अशी स्टेशनं टिकतात कशी हे मला कळलं नव्हतं. गेली कशी, ते कळलं.

माझी तिथे बदली झाली तेव्हा आईने कपाळाला हात लावला. तिचं माहेर गुरसरायचं. तिच्या मते मराठी माणसाने बुंदेलखंडात राहायचं तर किल्ला किंवा कचेरी पाहून राहावं. माळावर राहायला आपण काय मेंढपाळ आहोत का? आमची मंडळी सागरची. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "पाणी गोड आहे का?" गोड होतं. आम्ही गेलो.

वाचकांपैकी पुष्कळांना स्टेशन मास्तर म्हणजे हिरवं निशाण दाखवणारा बाबू वाटतो, म्हणून दोन शब्द सांगतो. आमचा मार्ग एकेरी. एकाच रुळावरून गाडी जाणार आणि त्याच रुळावरून येणार. समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून प्रत्येक स्टेशनात एक लोखंडी यंत्र असे आणि त्यात लोखंडाचे गोळे. पुढच्या स्टेशनच्या मास्तराने 'रस्ता मोकळा आहे' असं घंटीने कळवलं, तरच यंत्रातून एक गोळा बाहेर पडायचा. तो वेताचं कडं लावलेल्या चामड्याच्या पिशवीत घालून ड्रायव्हरच्या हातात द्यायचा. गोळा हातात असल्याशिवाय ड्रायव्हर एक वीतभर गाडी हलवत नाही. म्हणजे इंजिन कितीही मोठं असलं तरी त्याची वेसण आमच्या हातात. आमच्याकडे काँटेवाला, म्हणजे पॉइंट्समन, होता हल्के. वजनाने अडीच मण आणि नाव हल्के. तो ती पिशवी काखेत मारून फलाटावर असा फिरे, की जणू खजिन्याची किल्लीच त्याच्याकडे आहे. बायको लवकर गेलेली, मुलगी एक, रामरती. ती पाच स्टेशनं पलीकडे दिली होती. दर पंधरा दिवसांनी सकाळच्या पॅसेंजरने यायची, बापाचं घर सारवून, लोणची-पापड भरून संध्याकाळच्या गाडीने परत जायची. हल्केचे महिन्याचे दोनच दिवस असत, ती यायची तो आणि ती पुन्हा यायची तो.

रुजू होऊन दोन महिने झाले असतील. लग्नसराई होती. सकाळची पॅसेंजर यायच्या अर्धा तास आधी माळावरून बायकांची एक लांबलचक रांग येताना दिसली. पुढे नवी नवरी, मागे अडतीस बायका. धमनौऱ्याची लेक सासरी चालली होती. मी तिकीट एकच दिलं, कारण जाणारी एकच होती. नवरा आणि त्याची माणसं परतीचं तिकीट घेऊनच आली होती. गाडी आली. दोन मिनिटांचा थांबा. आणि गाडी पाहताच त्या अडतीस जणींनी रडायला सुरुवात केली.

आपल्याकडेही मुली सासरी जाताना रडतात, पण ते आपलं सुटं सुटं रडणं. बुंदेलखंडात त्याला शिस्त आहे. मुलीने एकेकीच्या गळ्यात पडायचं आणि दोघींनी मिळून चालीवर रडायचं, आणि रडता रडता त्या बाईशी आपलं काय नातं ते शब्दांत सांगायचं. काकीच्या गळ्यात काकीचं रडणं, मामीच्या गळ्यात मामीचं. क्रम मानाप्रमाणे. आजी पहिली, आणि सगळ्यात शेवटी न्हाव्याची बायको, नाइन, कारण तिने मुलीला लहानपणापासून न्हाऊमाखू घातलेलं असतं. मध्ये एकही गाळायची नाही. आगगाडीच्या युगात हे कसं बसायचं याचा विचार कुणी केलेला नव्हता, आणि दोन मिनिटांच्या थांब्यात तर आजीसुद्धा पुरी होत नव्हती.

मी हल्केला म्हटलं, "गोळा दे."

हल्केने पिशवी पाठीमागे लपवली. "मास्साब, अबै जिन दियो. अबै तौ कक्कियन लौ पौंची."

म्हणजे रडणं अजून काकवांपर्यंतच पोचलं होतं. मी त्याच्यावर डोळे वटारले. तेवढ्यात त्या घोळक्यातून एक म्हातारी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. गावात तिला सगळे बड़ी बऊ म्हणत. उंची माझ्या खांद्याएवढी, आवाज इंजिनाएवढा. ती म्हणाली, "मास्साब, मोड़ी इतै पूरी नईं रोई, तौ ससुरार में जनम भर रोहै. तुमाई रेल खों का जल्दी है?"

मुलगी इथे पुरती रडली नाही तर सासरी जन्मभर रडेल, हे एक वेळ ठीक. पण रेलला काय घाई आहे, हा प्रश्न मला रेल्वेत कुणी विचारला नव्हता. मी उत्तरासाठी इकडेतिकडे पाहिलं, तर क्वार्टरच्या दारात आमची मंडळी उभी. पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "होऊ द्या हो तिचं पुरतं. सागरला रडण्याच्या रांगेत माझी मावशी राहिली होती, गाडी सुटली. आजतागायत राहिलेली आहे." आमच्या लग्नाला तेव्हा अकरा वर्षं झाली होती, आणि माझ्याबद्दलच्या त्यांच्या सगळ्या तक्रारींचं मूळ मला त्या क्षणी कळलं.

मी गोळा दिला नाही. गाडी एकोणीस मिनिटं उभी राहिली. ड्रायव्हरने विडी शिलगावली. गार्डला खुरमीची, म्हणजे तिकडच्या शंकरपाळ्यांची, एक टोपली मिळाली, ती मांडीवर घेऊन तो गंभीर चेहऱ्याने खात बसला. शेवटी नाइन झाली, हल्केने धावत जाऊन गोळा दिला आणि गाडी सुटली.

मग फोन वाजला. कंट्रोलचा. कंट्रोल म्हणजे सगळ्या गाड्यांवर नजर ठेवणारे लोक. ते दिसत नाहीत, नुसते विचारतात.

"धमनौरा, पैसेंजर क्यों खड़ी थी?"

उशिराला कारण लागतं. इंजिन बिघडलं, सिग्नल पडला नाही, मार्गात जनावर आलं, अशी कारणं चालतात. 'मुलगी रडत होती' चालत नाही. 'प्रवाशांची गर्दी' असं सांगता आलं असतं. पण प्रवासी एक, रडणाऱ्या अडतीस. त्यांना फलाटावर कुणी येऊ दिलं असं विचारलं असतं, तर उत्तर मीच होतो. नोकरी माझी कच्ची, समोरच्या शेतात एक बैल चरत होता. मी म्हणालो, "बैल था, साहब."

"कहाँ?"

"लाइन पर."

"हटाया?"

"हटाया, साहब."

आणि उशिराच्या रजिस्टरात मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, कारण : बैल.

खोटं बोलणं सोपं असतं असं म्हणतात. ते खोटं आहे. सोपं असतं ते दुसऱ्यांदा बोलणं. धमनौऱ्यात लेकी पुष्कळ होत्या. बातमी पसरली तशा त्या श्रावणाला, दिवाळीला माहेरी येऊ लागल्या, आणि आलेली प्रत्येक लेक जाताना पुन्हा रडे. फक्त दुसऱ्या खेपेचं रडणं जरा आटोपशीर, आठदहा मिनिटांचं. तरण्या बायका म्हणत, आमच्या आयांच्या वेळी बैलगाडीने तीन-तीन वर्षांनी माहेर दिसायचं. आता स्टेशन आहे, मास्साब आहेत. मला हे ऐकून बरं वाटे, हे कबूल करतो. आमच्या घराण्यात कुणी कमाविसदार होते, कुणी किल्लेदार, पण अडतीस बायका एका वेळी खूश कुणावरही नव्हत्या.

दोन वर्षांत बैल सतरा वेळा रुळावर आला. आणि एक दिवस पत्र आलं, की धमनौरा येथे जनावरांचा उपद्रव असामान्य दिसतो, साहेब स्वतः पाहणीस येत आहेत.

माझी झोप उडाली. कारण रुळावर जनावर येऊ शकतं हे खरं, पण रजिस्टरात सतराही वेळा ते फक्त पॅसेंजरलाच आडवं येत होतं. मालगाडीला एकदाही नाही. मालगाडीने कुणी सासरी जात नाही, हे मला माहीत होतं. साहेबांना कसं सांगणार?

हल्केला सगळं सांगितलं. त्याने डोकं खाजवलं आणि म्हणाला, "तौ साब खों बैल दिखा दें. ईमें का है?"

त्याच्या दृष्टीने प्रश्न सुटला होता. मी त्याला बजावलं, की गावात निक्षून सांग, त्या दिवशी कुणाची विदा, म्हणजे पाठवणी, नको, आणि साहेबांसमोर रडण्याचा विषय काढू नका. "नाहीतर माझी नोकरी जाईल," असंही म्हणालो. हे शेवटचं वाक्य मी बोलायला नको होतं. हल्केने ते जसंच्या तसं गावात नेलं आणि गावाने ते फार मनावर घेतलं.

बैल मात्र कुणी देईना. ज्याचा बैल त्याला दंड होईल ही भीती. शेवटी तेली कक्का पुढे आले. त्यांच्याकडे घाण्याचा म्हातारा बैल होता, नाव दिमान. बारा वर्षं त्याने तेल गाळलं होतं. कक्का म्हणाले, "ईखों दंड का हूहै, जौ तौ खुदई रिटायर आय."

बेत असा ठरला: गाडी लांबून दिसली की दिमानला रुळावर उभं करायचं, ड्रायव्हर वेग कमी करील, साहेब खिडकीतून बैल पाहतील आणि कक्का त्याला लगेच बाजूला घेतील. फार तर दोन मिनिटं.

बेत करणाऱ्यांत घाण्याच्या बैलाची मला माहिती नव्हती आणि रेल्वेची कक्कांना. घाण्याच्या बैलाच्या डोळ्यांवर काम करताना झापडं असतात. ती काढली की त्याची सुट्टी सुरू होते. कक्कांनी दिमान नैसर्गिक दिसावा म्हणून त्याची झापडं काढून त्याला रुळांच्या मधोमध नेला. दिमानने बारा वर्षांच्या शिरस्त्याप्रमाणे ओळखलं की काम संपलं. तो उभा राहिला, रवंथ करू लागला आणि मग तिथून हलला नाही.

गाडी आली, शिट्ट्या मारून थांबली. कक्कांनी ओढला, हल्केने ढकलला, इंजिनातून फायरमन उतरला. आमच्या मंडळींनी गुळाचा खडा पाठवला. दिमानने तो खाल्ला आणि अधिक आरामात उभा राहिला. दहा मिनिटांनी पहिल्या डब्यातून साहेब उतरले. तिशीचे, चष्मेवाले, पॉलिश केलेले बूट खडीत घालून चालत आले आणि कोट काढून स्वतः बैलाला खांदा लावला.

"कक्का, झापडं घाला," मी कुजबुजलो.

कक्कांनी झापडं बांधली. दिमान ताबडतोब चालू लागला. सगळ्यांनी हुश्श केलं. पण तो चालला तो गोल. रुळावरून उतरला, बाभळीला वळसा घातला आणि पुन्हा रुळावर चढला. पुन्हा उतरला, पुन्हा चढला. ड्रायव्हरने डोकं बाहेर काढून विचारलं, की तो उतरतो आणि चढतो त्याच्या मधल्या वेळात गाडी काढू का? चार फेऱ्या झाल्या. साहेब चष्मा पुसून त्या फेऱ्यांकडे लक्ष देऊन पाहत होते. पाचव्या फेरीत दिमान रुळावरून उतरून बाभळीपाशी पोचला, तोच साहेबांनी झेप घेतली आणि त्याची झापडं ओढून काढली. दिमान जागच्या जागी थांबला. रूळ मोकळा झाला.

साहेबांचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं यांनी आता टाळीच द्यावी. छत्तीस मिनिटांचा उशीर. धमनौऱ्याच्या इतिहासात बैलाने झालेला पहिला खरा उशीर, आणि त्याची नोंद अठरावी.

गाडी गेल्यावर साहेब माझ्या खोलीत बसले आणि टेबलावरची माझ्या नावाची पाटी वाचून एकदम मराठीत म्हणाले, "अरे, तुम्ही आपले! झाशीकडे कधी आलात?"

"पणजोबांच्या पणजोबांबरोबर," मी म्हणालो.

ते हसले. मूळचे साताऱ्याकडचे होते. दोन वर्षांत मराठी बोलायला मिळालं नव्हतं म्हणून चहा पिता पिता भडाभडा बोलले. आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, "पत्रात लिहिलं नाही, पण सांगतो. या मार्गावरच्या तीन छोट्या स्टेशनांपैकी एक बंद करायचं आहे. माझ्या अहवालावर ठरेल. मला तुमचं बंद करावंसं वाटत नाही. पण कागदावर इथे माणूसच दिसत नाही हो, नुसता बैल दिसतो. मला एक कारण द्या. लोक येतात का इथे?"

दारात, खिडकीत, फलाटावर सगळं गाव उभं होतं. चाळीसेक माणसं. त्यांना आमचं मराठी कळत नव्हतं. साहेब उठून बाहेर गेले आणि त्यांनी हिंदीत विचारलं, "आप लोग इस स्टेशन पर आते-जाते हैं?"

गावाने एकमेकांकडे पाहिलं. मास्साबची नोकरी जाईल, एवढंच त्यांना ठाऊक होतं. बड़ी बऊ पुढे झाली. "नईं साब. हम तौ इतै कभऊँ नईं आउत."

"कभी नहीं?"

"कभऊँ नईं," तेली कक्का म्हणाले. "रेल में बैठबे सें हमें डर लगत."

"तो आज कैसे आए?"

"आज तौ आपके दरसन खों आए."

मग एकेक जण पुढे होऊन सांगू लागला. कुणी म्हणे रस्ताच माहीत नव्हता, आज विचारत आलो. एकीने तर, जिला मी स्वतः पाच वेळा गाडीत चढवलं होतं, इंजिनाकडे बोट दाखवून हे काय असतं ते आत्ता कळलं असं सांगितलं. तिथे तेव्हा इंजिनही नव्हतं. आणि हल्के, ज्याची मुलगी परवाच्या गाडीने यायची होती, तो छाती पुढे काढून म्हणाला, "साब, इतै चिरैया लौ नईं आउत."

म्हणे चिमणीसुद्धा येत नाही! असं समरसून खोटं बोलणारं गाव मी दुसरं पाहिलं नाही. सगळं माझ्यासाठी.

साहेब वळले. "मास्तर," ते मराठीत म्हणाले, "हे खरं सांगतायत? तुम्ही सांगाल ते मी लिहीन."

वाचकहो, गोळा देणं न देणं जसं माझ्या हातात होतं, तसं ते होतं. एक वाक्य पुरलं असतं. साहेब, हे सगळे खोटं बोलतायत, इथे पंचक्रोशीच्या लेकी येतात-जातात आणि बैल मी रचला. साहेब भला माणूस होता, कदाचित हसलाही असता. पण रजिस्टर टेबलावर उघडं होतं, सतरा ठिकाणी माझं अक्षर आणि माझी सही. मी त्या अक्षराकडे पाहिलं आणि म्हणालो, "हो. खरं आहे."

साहेबांनी लिहून घेतलं. जाताना माझा हात हातात घेऊन म्हणाले, "इतक्या निर्जन जागी तुम्ही दोन वर्षं काढलीत, कमाल आहे."

गाव आनंदात होतं. मास्साब वाचले म्हणून त्या संध्याकाळी कक्कांनी भजी तळली.

चार महिन्यांनी हुकूम आला. त्यात असं म्हटलं होतं, की धमनौरा येथे प्रवासी वर्दळ नाही, थांबणाऱ्या गाडीला जनावरांचा अडथळा होतो, गाडी न थांबता वेगाने गेल्यास जनावरे आपणहून दूर राहतील. सबब स्टेशन बंद. सोबत मला एक वेगळं पत्र होतं. जनावर हटवण्यातल्या तत्परतेबद्दल शाबासकी. बदली खुद्द झाशीला. आईने देवाला साखर ठेवली.

हल्केला मी हुकूम वाचून दाखवला. तो पिशवीच्या वेताच्या कड्यावरून अंगठा फिरवत बसला. मग त्याने विचारलं, "मास्साब, हम औरन सें बोलबे में कछू गलती हो गई का?"

मी म्हणालो, "नाही रे. वरूनच ठरलं होतं."

हे सतरा बैलांपेक्षा मोठं खोटं होतं. शेवटच्या दिवशी गाव निरोप द्यायला येणार होतं. त्यांना तोंड दाखवणं मला जमेना. आदल्याच दिवशी, गाव शेतात असताना, दुपारच्या मालगाडीच्या ब्रेकव्हॅनमध्ये सामान टाकून आम्ही दोघं निघालो. मंडळी पूर्ण प्रवासात मागे, धमनौऱ्याकडे तोंड करून बसल्या.

त्यानंतरची नोकरी झाशीत झाली, नीट झाली, सांगण्यासारखं काही नाही. इलाइट चौराह्याजवळ घर बांधलं. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती तेव्हा मानिकपूरकडचं एक लग्न आटपून मी त्याच सकाळच्या पॅसेंजरने परतत होतो. अलीकडच्या स्टेशनावर डब्यात एक नवी नवरी चढली. बरोबर नवरा, ट्रंक, खुरमीची टोपली. ती खिडकीशी बसली आणि गजांना घट्ट धरून बाहेर पाहू लागली. तिकडे लेकीला बिन्नू म्हणतात. मी विचारलं, "बिन्नू, कौन गाँव की?"

"धमनौरा," ती म्हणाली.

स्टेशन बंद झाल्यापासून लेकींना ट्रॅक्टरवर बसवून अलीकडच्या स्टेशनावर सोडतात, हे तिच्या नवऱ्याने सांगितलं. ट्रॅक्टरवर सगळ्या मावत नाहीत. मग बाकीच्या कुठे रडतात, असं मी विचारणार, तोच डब्यात आवाज आला. चालीवरचं रडणं. पाहिलं तर धमनौऱ्याचा मोडका फलाट येत होता आणि त्याच्यावर ओळीने बायका उभ्या होत्या. गाडी थांबणार नाही हे त्यांना माहीत होतं. मानाप्रमाणे रांग लावून, प्रत्येकीने हात पुढे केलेला, समोरून खिडकी जाईल तेवढ्या वेळात जिचं तिने रडून घ्यायचं. मुलगी गजांतून हात बाहेर काढून ओरडू लागली, आणि पहिली म्हातारी तिला दिसते न दिसते तोच मागे गेली.

माझ्या डोक्याच्या वर साखळी होती. तिच्यावर काय लिहिलेलं असतं ते मला तुमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे. मी उठलो आणि दोन्ही हातांनी ओढली.

गाडी फलाट संपता संपता थांबली. मुलगी पायरी न बघता खाली उतरली, बायका धावत आल्या आणि रडणं आजीपासून पुन्हा रीतसर सुरू झालं. मीही सूटकेस घेऊन खाली उतरलो. तरणा गार्ड निशाण घेऊन पळत आला. "जंजीर किसने खींची?"

"मैंने," मी म्हणालो आणि नाव, हुद्दा, बिल्ल्याचा नंबर सगळं सांगितलं. माझा हुद्दा ऐकून तो गोंधळला. आपल्याच खात्याचा, वयाने बापासारखा माणूस. आता याला काय बोलावं? तो वहीत लिहू लागला, आणि तेवढ्यात कुणीतरी मागून माझी बाही धरली.

बड़ी बऊ. आता कमरेत वाकलेली, पण आवाज तोच. मागे हल्के उभा, केस पांढरे. तिने मला नीट निरखलं आणि म्हणाली, "मास्साब, तुम बिना मिलें भग गए ते."

"बऊ," मी म्हणालो, "स्टेशन मेरी वजह से गया. साहब ने मुझसे पूछा था. मैंने सच नहीं बताया."

इतक्या वर्षांनी ते वाक्य तोंडातून निघालं, आणि निघालं ते हिंदीत. हल्केने जमिनीकडे पाहिलं. बऊने एवढंच विचारलं, "नौकरी तौ बच गई ती?"

"बच गई थी."

"तौ बस," ती म्हणाली, आणि पुरुषांशी असं करायची रीत नसताना तिने माझ्या गळ्यात हात टाकला आणि चालीवर, मोठ्याने, मला माझं नातं सांगत रडू लागली. तिच्या मागे काकी उभी राहिली. काकीमागे मामी. रांग लागली. मी छप्पन्न वर्षांचा माणूस, हातात सूटकेस, आणि मला कसं थांबायचं ते कळेना.

गार्डने जरा वेळ वाट पाहिली. मग माझ्या कानाशी येऊन हळूच विचारलं, "बाबूजी, कंट्रोल पूछेगा. कारण क्या लिखूँ?"

काकीच्या खांद्यावरून मी म्हणालो, "लिखिए, स्टेशन मास्टर रो रहा था."